रात्र हिसकावली, वर गमी विकता?

शटर अर्धं खाली ओढलं की गिऱ्हाईक आलंच म्हणून समजा. औषधाच्या दुकानाला हा शाप आहे. मागच्या आठवड्यात रात्री सव्वादहाला असाच एक जण वाकून आत शिरला. पस्तीस-छत्तिशीचा, गळ्यात कंपनीचं कार्ड, पायात सेफ्टी शूज, पाठीवरच्या सॅकमधून डब्यातल्या मेथीचा वास. नाशिकच्या सिडकोतल्या त्रिमूर्ती चौकातून त्याला थर्ड शिफ्टची बस पकडायची होती.

"काका, ती मेलाटोनिनची गमी आहे का?"

"झोप येत नाही का रे?"

"झोपेचं नाही ओ. हार्टसाठी पाहिजे. आमच्या पप्पांना अटॅक येऊन गेलाय ना. गमीनं आतली सूज उतरते, सीआरपी खाली येतो, हार्ट सेफ राहतं."

एवढं एका दमात बोलून त्यानं मोबाइलवरचं रील माझ्यासमोर धरलं. पांढरा कोट घातलेला एक गुळगुळीत चेहरा मिनिटभरात हृदय वाचवून दाखवत होता. शेवटी डब्याचं चित्र आणि डिस्काउंटचा कोड. कोविडनं आपल्याला कायमचं काही दिलं असेल तर हा सीआरपी, म्हणजे रक्तातली आतल्या सुजेची खूण. 2020 च्या आधी हा शब्द लॅबवाल्यालाच माहीत होता, आता पानटपरीवर चुना लावतानाही त्याचा आकडा सांगतात.

मी गमी दिली. 549 रुपये, फोनवरून भरले, बस आली, पोरगा गेला. रात्रभर लख्ख दिव्यांखाली मशीनवर उभं राहायला. सकाळी उन्हातून घरी येऊन, पातळ पडद्याच्या खोलीत, शेजारच्या मिक्सरच्या घरघरीत तो ती गमी चघळणार आणि काळीज शाबूत राहिलं असं मानून आडवा होणार. मी शटर पूर्ण खाली ओढलं आणि स्वतःला चार शिव्या घातल्या. उरलेल्या इथे वाटतो आहे. ज्याच्या वाट्याला जेवढ्या येतील तेवढ्या त्यानं घ्याव्यात.

आधी रीलवाल्याचं जे खरं आहे ते त्याच्या पदरात टाकू. दुकानदार आहे, माप चोख देतो.

मेलाटोनिन 1958 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अॅरन लर्नर यांनी वेगळं काढलं. हे गृहस्थ त्वचारोगाचे डॉक्टर. गुरांच्या मेंदूतल्या पीनियल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या कातडीचा रंग फिका करतो, हे आधीच ठाऊक होतं. कातडीच्या रंगाचं कोडं, विशेषतः अंगावरच्या कोडाचं, त्यातून सुटेल अशी त्यांची आशा होती. ते काही सुटलं नाही. हाती आलं ते अंधाराचं रसायन. डोळ्यावरचा उजेड ओसरला की मेंदूतलं घड्याळ पीनियलला इशारा करतं आणि ती मेलाटोनिन सोडू लागते. उजेड पडला की नळ बंद. ही शरीरातली दवंडी आहे: रात्र झाली हो! झोपा, असंही ती सांगत नाही. उंदीर रात्रभर हुंदडतो, तरी त्याच्या अंगातही हे रात्रीच वाढतं.

आणि रात्र झाल्याची खबर हृदयाला लागते. धडधाकट माणसाचा रक्तदाब रात्री 10 ते 20 टक्के उतरतो, नाडी मंदावते, रक्तवाहिन्यांना दिवसभराच्या ताणातून उसंत मिळते. ज्यांचा दाब रात्री उतरत नाही, त्यांना पुढे त्रास जास्त. उच्च रक्तदाबाच्या 16 पुरुषांना तीन आठवडे रोज रात्री अडीच मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलं, तर झोपेतला वरचा दाब 6 नं आणि खालचा 4 नं उतरला, असा 2004 चा एक अभ्यास आहे. प्रयोगशाळेत मेलाटोनिन जळजळीच्या साखळीतल्या एनएफ-कप्पा-बी आणि एनएलआरपी3 या कड्या दाबतं. उंदराच्या हृदयाची रक्तवाहिनी बांधून पुन्हा मोकळी केली, तर मेलाटोनिन दिलेल्या उंदराच्या हृदयाचा कमी भाग मरतो. छोट्या छोट्या चाचण्यांमध्ये माणसांचा सीआरपीही थोडा खाली आलेला दिसतो.

ही आतली सूज, हा जुनाट दाह, म्हणजे तरी काय? गॅस बारीक करून विसरलेलं पातेलं. उतू जात नाही, धूर दिसत नाही, पण तळाला लागत राहतं. रक्तवाहिन्यांचं तेच होतं. हा दाह विझवला तर हृदयाला फायदा होतो, हेही सिद्ध झालंय. 2017 मध्ये कॅन्टॉस नावाच्या मोठ्या चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता, नुसता दाह कमी करून पुन्हा येणारे अटॅक कमी झाले. गाउटवरचं जुनंपानं कोल्चिसीन कमी मात्रेत हृदयरोग्यांना द्यायला अमेरिकेत 2023 मध्ये परवानगी मिळाली. पण ही औषधं हजारो माणसांवर पारखली गेली, तीही डॉक्टरांच्या देखरेखीत.

इथवर रीलवाला बरोबर. इथून पुढे तो गप्प बसतो, कारण इथून पुढे धंदा बुडतो.

उंदराचं हृदय वाचलं म्हटल्यावर डॉक्टरांनी माणसावर करून पाहिलंच. स्पेनमधल्या मारिया चाचणीत ताजा अटॅक आलेल्या 146 रुग्णांना अँजिओप्लास्टीच्या वेळी थेट शिरेतून आणि हृदयाच्या रक्तवाहिनीतून मेलाटोनिन दिलं. हृदयाचा मेलेला भाग कमी झाला नाही. आकडे पुन्हा चाळले तेव्हा लवकर पोचलेल्यांना फायदा झाल्यासारखा दिसला, उशिरा पोचलेल्यांत तर भाग जास्तच मेलेला. डेन्मार्कच्या इम्पॅक्ट चाचणीतही पदरी काही पडलं नाही. म्हणजे ऐन प्रसंगी, थेट हृदयाच्या नळीत सोडलेलं मेलाटोनिन जे करू शकलं नाही, ते स्ट्रॉबेरीच्या चवीची गमी करणार! आमच्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. इथे तुरीसुद्धा उंदराच्या बाजारात आहेत.

2025 च्या नोव्हेंबरात अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत एक पाहणी मांडली गेली. निद्रानाश असलेले 1,30,828 लोक. त्यात ज्यांनी वर्षभर किंवा जास्त मेलाटोनिन घेतलं होतं, त्यांच्यापैकी 4.6 टक्क्यांना पाच वर्षांत हार्ट फेल्युअर झालं, न घेणाऱ्यांत 2.7 टक्क्यांना. लगेच दुसऱ्या बाजूचे रीलवाले उठले: गमीनं हृदय निकामी होतं! तसंही नाही. ही निरीक्षणाची पाहणी. ज्याची झोप जास्त बिघडलेली तोच वर्षभर गोळी खाणार, आणि बिघडलेली झोप स्वतःच हृदयाला भारी पडते. शिवाय अमेरिकेत मेलाटोनिन किराण्यासारखं मिळतं, त्यामुळे "न घेणाऱ्यां"त कितीतरी घेणारे दडलेले असतील. कारण सिद्ध झालेलं नाही. पण वर्षानुवर्षं रोज रात्री खाऊन हृदय सांभाळता येतं, हेही कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि डबा तर त्याच बोलीवर विकला जातोय.

डब्यात काय असतं, तेही ऐका. 2017 मध्ये कॅनडात मेलाटोनिनची 31 उत्पादनं तपासली. कुठे लेबलपेक्षा 83 टक्के कमी, कुठे 478 टक्के जास्त. 8 उत्पादनांत चक्क सेरोटोनिन सापडलं, जे लेबलवर नव्हतंच. 2023 मध्ये अमेरिकेत 25 गमी तपासल्या, त्यात 22 चं लेबल चुकीचं. एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं. गोळ्यांच्या स्ट्रिपवर पॅरासिटामॉल 500 लिहून आत 200 भरलं असतं तर गदारोळ झाला असता. गमीला सगळं माफ, कारण ती म्हणे औषध नाही, वेलनेस आहे.

मात्रेचं तर विचारूच नका. आपली पीनियल रात्रभरात मेलाटोनिन बनवते ते जेमतेम तीसेक मायक्रोग्रॅम. बाटलीवर 5 मिलिग्रॅम, 10 मिलिग्रॅम. पोटातून रक्तात पोचेपर्यंत बरंचसं गळतं हे धरलं, तरी दवंडीवाल्याच्या जागी तोफखाना आणून उभा केल्यासारखं आहे. बीपीच्या गोळ्या घेणारे आजोबा नातवाची गमी तोंडात टाकतात आणि वर मला डोळा मारून सांगतात, "नॅचरल आहे!" निफेडिपीन चालू असलेल्या रुग्णांना 5 मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलं तेव्हा त्यांचा दाब उतरण्याऐवजी वाढला होता, हे 2000 सालीच छापून आलंय. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर मामला आणखी नाजूक. धोतराही नॅचरल आहे, आजोबा.

आता आपल्या गावाचा लाडका मुद्दा. द्राक्षात मेलाटोनिन असतं, ही बातमी नाशकात पोचणार नाही असं कसं होईल? 2006 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी द्राक्षाच्या सालीत ते खरोखर शोधलं. मग झालं सुरू: द्राक्ष खा, वाइन घ्या, काळजाला थंडावा. किती सापडलं, ते कोणी सांगत नाही. सगळ्यात भरघोस वाणातसुद्धा सालीच्या एका ग्रॅममागे एका नॅनोग्रॅमच्या आत. मी काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब केला. 3 मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकं मेलाटोनिन हवं असेल तर नुसती साल तीन टन लागेल. रोज रात्री. जेवणानंतर. आमच्या दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांचं भलं होईल एवढं नक्की. आणि वाइनचं म्हणाल तर दारू डोळा लावून देते आणि उत्तररात्रीची झोप मोडते. ती कोणाला घ्यायची असेल तर चवीसाठी घ्या, माझं काही म्हणणं नाही. पीनियलचं नाव पुढे करू नका.

मेलाटोनिनचा उपयोगच नाही, असं मी म्हणत नाही. लांबचा विमानप्रवास, झोपेचं घड्याळ सरकलेली माणसं, स्वमग्न मुलं, काही वयस्कर, बीटा ब्लॉकरवर असलेले काही रुग्ण, यांना डॉक्टर विचार करून, वेळ बघून, कमी मात्रेत देतात, आणि गुण येतो. माझ्याकडे चिठ्ठी येते, मी गोळ्या देतो. ते औषध. हा डबा म्हणजे जत्रेतला पोपटवाला.

पण गमीवाला हा भुरटा चोर. दरोडा दुसरीकडे पडलाय.

माझं घर दुकानाच्या वरच आहे. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी एलईडीचा जाहिरातफलक लागला. हलता. कधी दागिने, कधी फ्लॅट, कधी कोण्या भाऊंचा वाढदिवस. रात्री दोन वाजता माझ्या आईच्या उशीवर दागिने चमकतात. आईचं वय 78, बीपीच्या दोन गोळ्या. जाड पडदा लावला तर खोलीत वारा नाही, काढला तर भाऊंचा वाढदिवस. एका कचेरीत अर्ज दिला. टेबलापलीकडचा म्हणाला, "काका, उजेडाची कोण तक्रार करतं? लोक अंधाराची करतात." त्याचंही बरोबर आहे. आपल्याकडे दिवा म्हणजे मांगल्य, अंधार म्हणजे चोर, भूत आणि लोडशेडिंग. अंधार हीसुद्धा शरीराची गरज आहे, हे कुठल्याच अर्जाच्या नमुन्यात बसत नाही.

पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांच्या जागी पांढरे एलईडी आले. वीज वाचली, छान झालं. पण पांढरा एलईडी म्हणजे पोटात निळा दिवा आणि वर पिवळा मुलामा. आणि दिवस आहे की रात्र हे ठरवणाऱ्या डोळ्यातल्या पेशी नेमक्या निळ्या उजेडालाच सगळ्यात लवकर भुलतात. म्हणून अमेरिकन मेडिकल असोसिएशननं 2016 मध्येच सांगितलं होतं, रस्त्याला दिवे लावायचे तर 3000 केल्व्हिन किंवा त्याखालचे, म्हणजे पिवळसर लावा, आणि उजेड खाली पडेल असे झाका. फ्रान्समध्ये दुकानांच्या काचांमधले दिवे रात्री एकनंतर विझवायचा नियम 2013 पासून आहे. फ्रान्स सोडा, आपल्याच नागपूर जिल्ह्यात या. पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तिथल्या चार गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड केलेले लावले. महाराष्ट्रात वाघाला अंधार मिळतो. सिडकोतल्या म्हातारीला मिळत नाही.

हे नखरे वाटत असतील तर पुरावे आहेत. 2022 मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 20 निरोगी तरुणांपैकी निम्म्यांना एक रात्र 100 लक्स उजेडात झोपवलं. 100 लक्स म्हणजे घरातला साधा दिवा चालू ठेवला एवढं. झोप लागली, पण हृदयाचे ठोके रात्रभर चढे राहिले आणि सकाळी इन्सुलिन नीट काम करेना. एका रात्रीत. 2025 मध्ये आलेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या 88 हजारांहून जास्त लोकांच्या मनगटावर आठवडाभर उजेड मोजणारं यंत्र बांधलं आणि पुढे साडेनऊ वर्षं त्यांची नोंद ठेवली. सगळ्यात उजळ रात्री काढणाऱ्यांना अटॅकचा धोका 47 टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरचा 56 टक्क्यांनी जास्त निघाला. हीही निरीक्षणाचीच पाहणी, मघाशी जो न्याय अमेरिकेच्या पाहणीला लावला तोच हिला. पण गोळी बंद करून बघायची की दिवा, यात मला तरी दिव्यावर प्रयोग करणं कमी जोखमीचं वाटतं. दिवा विझवल्याचे दुष्परिणाम माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात मी ऐकलेले नाहीत.

उजेडातून जे उरतं ते आवाज नेतो. नाशिक ढोलाचं नाव देशभर आहे, मी लहानपणी पंचवटीत तो खांद्याला अडकवून नाचलोय, त्याच्याशी माझं भांडण नाही. ढोल वाजवणाऱ्याचे हात दुखतात. दोन तासांनी तो चहाला थांबतो. डीजेचे हात दुखत नाहीत. त्याला जनरेटर आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सहा 45 डेसिबलची मर्यादा. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. कागद उत्तम आहे. गल्लीत बेस सुरू झाला की माझ्या दुकानातल्या सिरपच्या बाटल्या एकमेकींना टेकून किणकिणतात, आणि मी 45 डेसिबल म्हणजे किती हे आठवत बसतो. (कुजबुजीच्या थोडं वर.) जर्मनीतल्या माइन्झमध्ये 75 धडधाकट माणसांना एकेक रात्र झोपेत विमानाचा आवाज ऐकवला. सकाळी त्यांच्या रक्तवाहिन्या नीट फुलेनात, अॅड्रेनलिन वाढलेलं. हे तरुणांचं. माझ्या आईचं कोण मोजणार? 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय. घाटांवर दिव्यांचे नि स्पीकरचे खांब उभे राहतील. साधुसंतांना रात्री झोप लागते की नाही, एवढा एक रकाना त्या आराखड्यात कोणी ठेवला तर उपकार होतील.

आणि फोन. त्याच्याबद्दल दुसऱ्याला शिव्या घालता येत नाहीत, म्हणून पुढे जातो.

खरी रात्र नेली ती थर्ड शिफ्टनं. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे: या जिल्ह्याचं चहापाणी चालतं ते या पाळ्यांवर. माझी निम्मी गिऱ्हाइकं पाळीची. त्यांची औषधं बघून मी पाळी ओळखतो. अॅसिडिटीच्या गोळ्या नि डोकेदुखीचं पाकीट एकत्र मागितलं, म्हणजे थर्ड. चाळिशीच्या आत बीपीची पहिली चिठ्ठी घेऊन येणारे कितीतरी जण कार्डवाले. माझं हे निरीक्षण दुकानदाराचं, त्याला शास्त्र म्हणू नका. शास्त्र हवं तर 2012 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 20 लाखांहून जास्त लोकांचे अभ्यास एकत्र करून छापलंय: पाळीत काम करणाऱ्यांना अटॅकचा धोका 23 टक्के जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2007 मध्ये रात्रपाळीला "बहुधा कर्करोगकारक" या यादीत टाकलं आणि 2019 मध्ये तिथेच कायम ठेवलं. शरीराचं घड्याळ कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. नोबेल मिळालं, पण आमच्या त्रिमूर्ती चौकातली बस त्याच वेळेला येते.

कंपन्या म्हणतील, भट्टी बंद ठेवता येत नाही, ऑर्डर थांबत नाही. मान्य. दवाखाने रात्री उघडे लागतात, दूध पहाटे लागतं. मी स्वतः रात्री साडेदहापर्यंत दुकान उघडं ठेवतो. पण मग कामगार आरोग्य सप्ताहात फुगे लावून "हृदय सांभाळा, आठ तास झोपा" अशी पत्रकं वाटू नका. एका कंपनीनं तर म्हणे कामगारांना भेट म्हणून वेलनेसच्या पिशव्या दिल्या. पिशवीत काय होतं, ते मी सांगायला नको. ज्यानं रात्र घेतली त्यानंच तिची पुडी बांधून परत द्यायची, आणि वर फोटो काढायचा.

कार्डवाल्यांना निदान रात्रपाळीचा भत्ता तरी मिळतो. माझा मेहुणा निफाड तालुक्यात द्राक्षं काढतो. निफाडचा पारा दर हिवाळ्यात टीव्हीवर येतो, चार अंश, पाच अंश, लोक कौतुकानं बघतात. त्याच थंडीत तो रात्री दोनला उठून मोटर चालू करायला जातो, कारण शेतीची थ्री फेज चक्राकार येते, आणि चक्र फिरत फिरत रात्रीवर येऊन थांबतं. उसात बिबट्या असतो. हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावलेली. दिवसा वीज द्या, ही मागणी किती जुनी आहे विचारा कोणत्याही शेतकऱ्याला. त्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये जाहीर झाली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. मेहुण्याच्या बांधावर दिवसाची वीज पूर्णपणे अजून यायची आहे. त्याला 46 व्या वर्षी बीपी लागला. गोळ्या माझ्याकडूनच जातात. दिवाळीत मी त्याला गमीचा हा सगळा किस्सा सांगितला. शांतपणे चकली मोडत त्यानं विचारलं, "दाजी, गमीनं बिबट्या जातो का?"

तर त्या पोरानं काय करायचं होतं? वडिलांना अटॅक आलाय म्हणजे त्यानं बीपी, साखर आणि लिपिड तपासायला हवं होतं. जवळपास तेवढ्याच पैशांत होतं. तंबाखूची पुडी खिशात दिसत होती, ती टाकायला हवी होती. थर्ड करून परतताना डोळ्यांना गडद चष्मा, खोलीला काळा पडदा, घरच्यांना चार तास दार न वाजवण्याची ताकीद. हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण शटर ओढायचं होतं आणि गमीवर मार्जिन बरं आहे. ही शिवी माझी. ती मी घेतली. तेव्हापासून डबे काउंटरवरून उचलून मागच्या फळीवर ठेवलेत. मागितलं तर देतो, पण आधी पाच मिनिटं डोकं खातो. चार जण वैतागून दुसऱ्या दुकानात गेले.

आता एक विनंती आहे, आणि ती मंत्र्यासंत्र्यांना नाही. सातपूर-अंबडच्या कुठल्यातरी कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये बसून जो पाळ्यांचा तक्ता लावतो, त्या माणसाला आहे. माझ्या काही गिऱ्हाइकांची पाळी उलटी फिरते: एक आठवडा रात्र, मग दुपार, मग सकाळ. शरीराचं घड्याळ मागे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणं सोपं असतं. अमेरिकेत यूटामधल्या एका खनिज कारखान्यात कामगारांची पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे फिरवली आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलली. कामगारांच्या तक्रारी घटल्या, उत्पादन वाढलं. हे 1982 मध्ये सायन्स या नियतकालिकात छापून आलंय. त्याला टेंडर लागत नाही, बजेट लागत नाही, कोणाची मंजुरी लागलीच तर मॅनेजरची एक सही लागते. साहेब, पुढच्या महिन्याचा तक्ता नोटीस बोर्डावर लावायच्या आधी तेवढे रकाने उलटे करून बघा.